एका रकान्यासाठी यवतमाळ

कळंब मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस दिसायला लागला. पानं झडलेली, काळ्या वाकड्या फांद्या आणि त्यांवर नुसती फुलं. माझ्याबरोबर परदेशातून आलेल्या मेगनने ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. उतरून ती बराच वेळ एका झाडापाशी उभी राहिली आणि मग मला म्हणाली, "ही झाडं कोणी लावली?"

"कोणीच नाही."

तिला ते खरं वाटलं नाही. मी तिच्या मागे उभी होते ते बरं झालं, कारण माझे डोळे भरून आले होते. चौदा वर्षांत मी पळस फुललेला पाहिला नव्हता. माझं येणं दर वेळी दुसऱ्याच महिन्यांत पडायचं.

मी मूळची राजूरची, वणीजवळच्या. वेल्समधल्या एका लहान गावाच्या दवाखान्यात नर्स आहे. वेल्स म्हणजे इंग्लंडला लागून असलेला डोंगराळ, सदा ओला मुलूख. तिथल्या लोकांना इंग्रजी येतं, पण त्यांची स्वतःची भाषा वेगळी आहे, आणि ती त्यांनी जिद्दीने जपली आहे. माझा नवरा केरळचा. आमची ओळख तिथेच झाली, तोही नर्स. चौदा वर्षांत मी चारदा घरी आले, पण ते लग्नाला नाहीतर मयताला. या वेळी पहिल्यांदाच कामाने आले होते, आणि त्या कामाला सुरुवात करून दिली होती ज्योतीने.

ज्योती राठोड माझ्या नर्सिंगच्या वर्गातली. एका खोलीत तीन वर्षं राहिलो. परदेशी जायचं हे आम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं, फॉर्मही एकाच दिवशी भरले. तिच्या आईला अर्धांगवायू झाला आणि ती राहिली. मी गेले. पहिली दोन वर्षं फोन होत होते, मग ते सणावारांवर आले, मग तेही गेले. भांडण काहीच नव्हतं. मला तिला काय सांगावं कळायचं नाही, एवढंच. ती आता यवतमाळला आमच्याच जुन्या नर्सिंग स्कूलमध्ये शिकवते. या प्रवासाच्या साधारण वर्षभर आधी तिचा अचानक निरोप आला: "तुमच्या तिकडे म्हणे पेशंटले आधीच विचारतात का तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलू. खरं हाय का?"

खरं होतं. मी तिला एका आजीची गोष्ट लिहून कळवली. विस्मरणाचा आजार झालेली, आयुष्यभर इंग्रजी बोललेली म्हातारी. आजारात तिचं इंग्रजी गळून पडलं आणि लहानपणची वेल्श तेवढी उरली. मी नवी होते. ती ओरडायची, मी घाबरायचे. मग मेगन आली, आमची सीनियर. तिने वेल्शमध्ये दोन शब्द विचारले. आजीच्या पाठीखाली चादरीची घडी पडली होती, ती टोचत होती. एवढंच होतं. तिथल्या नर्सेसनी आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी अशी दुखणी वर्षानुवर्षं वरपर्यंत पोचवली. आता पेशंटने मागायच्या आधी आपण विचारायचं, असा तिथे नियम आहे. ज्यांना वेल्श येते त्या नर्सेस गणवेशावर केशरी बिल्ला लावतात.

ज्योतीचं उत्तर आलं: "तुह्या मेगनले विचार, माह्या पोरींशी बोलंन का?"

त्यानंतर वर्षभर दर आठवड्याला यवतमाळच्या पोरी आणि वेल्सच्या पोरी फोनच्या पडद्यावर भेटत राहिल्या. त्यातून मागणीचा एक कागद तयार झाला. तो जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांपुढे मांडायची वेळ आली, तेव्हा मेगन म्हणाली, "आपण जाऊ."

यवतमाळ

नर्सिंग स्कूलच्या फाटकात ज्योती उभी होती. केस पांढरे झालेले, चष्मा आलेला, उभं राहण्याची ढब मात्र तीच, कमरेवर एक हात.

"लई बारीक झाली वं तू," ती म्हणाली. "तिथं जेवाले देत नाई का?"

"देतात. उकडलेलं."

त्यावर आम्ही दोघी हसलो आणि मिठी मारायची ती राहूनच गेली.

संध्याकाळी ती आम्हाला भाजीबाजारात घेऊन गेली. गाडीवाल्याला म्हणाली, "भाऊ, सांबार टाक ना जरासा." मेगनने माझ्या नवऱ्याच्या हातचं सांबार खूपदा खाल्लं होतं. ती पिशवीत वाकून बघायला लागली. भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी टाकली. मेगनने जुडी उचलली, हुंगली आणि गंभीर चेहऱ्याने मला विचारलं, "मग तुझा नवरा इतकी वर्षं आम्हाला काय खाऊ घालतो?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. सांगायचं कुठे? माझ्या घरात कोथिंबिरीला कोरिअँडर म्हणतात.

रात्रीला ज्योतीकडे भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा. मेगनने ठेचा चटणीसारखा चमच्याने खाल्ला आणि मग अर्धा तास ताक पीत बसली. ज्योतीची आई पलंगावरून हे बघत होती. तिचा एक हात आणि एक पाय अजून चालत नाही. "याडी," ज्योती तिला म्हणाली, म्हणजे आई, आणि पुढचं सगळं त्यांच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत. म्हातारी तोंड एका बाजूला करून हसली. आम्ही शिकत असताना सुट्टीच्या दिवशी ज्योतीच्या तांड्यावर जायचो, तेव्हा ही बाई विहिरीवरून दोन घागरी एकदम आणायची.

दुसऱ्या दिवशी वर्गात पोरी भेटल्या. पडद्यावर ओळखीच्या झालेल्या मेगनला प्रत्यक्ष बघून आधी लाजल्या, मग भोवती गोळा झाल्या. मेगनने वेल्सच्या पोरींनी पाठवलेले केशरी बिल्ले वाटले. यांनी आपले बिल्ले आधीच शिवून ठेवले होते, पिवळ्या कापडाचे, त्यांवर दोऱ्याने भरलेलं: गोंडी, गोर, कोलामी. कोलामीचा एकच होता. तो सोनीचा.

सोनी आत्राम दुसऱ्या वर्षाला आहे. मारेगावच्या पुढच्या एका पोडावरची. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. ती बोलते कमी, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघते. सगळं सुरू झालं ते तिच्यामुळे, असं मला ज्योतीने कळवलं होतं. काय झालं ते मात्र मी सोनीच्या तोंडून ऐकलं.

पहिल्या वर्षाला असताना पोरींना एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात ड्युटी होती. तिथे जंगूबाई नावाची एक कोलाम बाई होती. बाळाला श्वासाचा त्रास, म्हणून त्याला जन्मल्या जन्मल्या दुसऱ्या इमारतीत नेलेलं. आई उठून उठून दाराकडे जायची, हात झटकायची, जेवत नव्हती. तिच्या कागदावर शेरा पडला: सहकार्य करत नाही. दोन दिवसांनी सोनीची पाळी त्या वॉर्डात आली.

"मले वाटलं ते कोणाले तरी शिव्या देऊन राह्यली," सोनी म्हणाली. "जवळ गेली तं ते विचारत होती, लेकरू कुठी पुरलं."



"तिले मराठी येत नव्हती?" मी विचारलं.

"बाजारापुरती येते, मॅडम. दुखण्यापुरती नाई येत."

सोनी तिला हाताला धरून दुसऱ्या इमारतीत घेऊन गेली आणि काचेतून बाळ दाखवलं. त्यासाठी सोनीला बोलणी बसली. परवानगी न घेता पेशंटला वॉर्डाबाहेर नेलं म्हणून.

पोडाकडे

जंगूबाईची गोष्ट बैठकीत सांगायची तर तिला विचारायला हवं, असं मेगनचं म्हणणं पडलं. तिच्या मुलखात असं विचारल्याशिवाय कोणाची गोष्ट सांगत नाहीत. ज्योती म्हणाली, "इथंबी सांगाले नाई पायजे. पण सांगतात." मग भाड्याची बोलेरो करून आम्ही चौघी निघालो.

करंजीच्या पुढे सागाची पानं गळून जंगल उघडं पडलं होतं. शेतांत वाळलेल्या पऱ्हाट्या, कुंपणाच्या काट्यांना अडकलेला कापूस. मोहाची फुलं नुकतीच पडायला लागली होती, सकाळी लवकर निघाल्यामुळे बायका टोपल्या घेऊन झाडांखाली दिसत होत्या. सोनीने गाडी थांबवून ओंजळभर फुलं आणली. मेगनने एक तोंडात टाकलं. "मनुका," ती म्हणाली, "पण कोणीतरी त्यांची आठवण काढून केलेल्या." मी एक खाल्लं. लहानपणी शाळेतून येताना खायचो. चव तशीच होती. जीभच दुसरी झाली होती, असं वाटलं.

ज्योती पुढच्या सीटवर होती. मारेगाव ओलांडल्यावर मागे न बघताच म्हणाली, "तो शेरा मी लिहिलेला हाय."

मला आधी कळलं नाही.

"सहकार्य करत नाही. माह्या अक्षरात हाय ते. त्या दिवशी वॉर्डात एकच सिस्टर होती, मी पोरींना घेऊन गेलती. तिनं मले म्हटलं लिहा मॅडम, मी लिहिलं." थोडं थांबून म्हणाली, "माह्या आईले लकवा मारला तवा तिचं मराठी गेलतं. नुसती गोर बोले. डॉक्टर म्हणे बरळून राह्यली. मी त्याईच्याशी भांडली होती. अन् मीच लिहिलं."

आईच्या आजाराची ही हकीकत मी पहिल्यांदा ऐकत होते. मी तेव्हा विमानाचं तिकीट काढत होते.

जंगूबाईचं पोड डांबरी रस्त्यापासून बरंच आत. पुढे गाडी जाईना म्हणून शेवटचा टप्पा चालत गेलो. मेगन एका कुंपणाला टेकली आणि तिच्या बाहीत लाल मुंग्या शिरल्या. ती नाचायला लागली, पोडावरची सगळी पोरं जमा झाली, आणि आमचं स्वागत अशा रीतीने झालं. घरं कुडाची, सारवलेली. मध्ये चावडी, सावलीला. वेल्सच्या लोकांसारखी चहाची घाई इथेही होती. आम्ही बसायच्या आत काळा चहा आला.

जंगूबाई पंचविशीची असेल. मूल कडेवर, आता सव्वा वर्षाचं, गुटगुटीत. ती सोनीशी बोलत होती, सोनी मला मराठीत सांगत होती, मी मेगनला इंग्रजीत. एक प्रश्न पलीकडे पोचून उत्तर परत यायला इतका वेळ लागायचा की मूल मध्येच पेंगलं.

ज्योतीने हात जोडले. "बाई, तुमच्या कागदावर खोटं लिहिलं ते मी. मले माफ करा."

सोनीने ते सांगितलं. जंगूबाईने ज्योतीकडे नीट निरखून बघितलं आणि काहीतरी म्हणाली.

"ते म्हणते, तुम्ही तिले आठवत नाई," सोनी म्हणाली. "म्हणते, पांढऱ्या कपड्यातल्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या."

ज्योतीचे हात तसेच जोडलेले राहिले. ओळखून रागावली असती तर तिला सोपं गेलं असतं.

जंगूबाईने मेगनला एक गोष्ट विचारली. तुमच्याकडे खरंच आधी विचारतात का? मेगन म्हणाली, आता विचारतात. पूर्वी नव्हते विचारत. तिच्या आजीला शाळेत वेल्श बोलली म्हणून शिक्षा व्हायची. हे ऐकून जंगूबाई सोनीकडे वळून हसली आणि काही बोलली. सोनीने ते आम्हाला सांगितलं नाही. त्यांच्याकडच्या शाळेचंच काहीतरी असावं.

गोष्ट सांगायला जंगूबाईने परवानगी दिली. बैठकीला येशील का, यावर मात्र हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

राजूर

बैठकीला दोन दिवस होते. ज्योती आणि सोनी यवतमाळला परतल्या आणि मी मेगनला घेऊन घरी गेले.

वणी सोडली की रस्त्याचा रंग बदलतो. कोळशाचे ट्रक एकामागे एक, झाडांची पानं काळी. राजूर जवळ आलं की त्या काळ्यात चुनाभट्ट्यांचा पांढरा मिसळतो. लहानपणी आम्ही धुतलेले कपडे घरात वाळवायचो. मेगन खिडकीतून बघत होती. मला तिच्यापुढे लाज वाटत होती, आणि लाज वाटते याची आणखी लाज.

बाबा दारात उभे होते. खाणीतून रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. आई गेल्यापासून एकटेच राहतात, सकाळी विहारात जाऊन पेपर वाचतात, दुपारी निंबाखाली खाट टाकतात. मेगन म्हणाली, "जयभीम, बाबा." मी तिला गाडीत शिकवलं होतं. बाबांनी इतक्या जोरात "जयभीम" म्हटलं की शेजारची बाई बाहेर आली.

जेवायला त्यांनी स्वतः पाटवडी रस्सा केला होता. आईची पाटवडी पातळ असायची. यांच्या वड्या विटेसारख्या जाड. मी तीन खाल्ल्या.

दुपारी निंबाखाली बसल्यावर मेगनची नजर बाबांच्या हातावर गेली. मनगटाच्या वर, कातडीखाली, एक निळी रेघ आहे.

"दगड पडलता," बाबा म्हणाले. "जखमेत कोयसा राह्यला. गेलाच नाई."

मेगनने त्यांचा हात हातात घेतला. तिचे आजोबाही कोळशाच्या खाणीत होते. त्यांच्या कपाळावर अशीच निळी रेघ होती. लहानपणी तिला वाटायचं, आजोबांनी शाईने काढली आहे. ती रोज ओल्या बोटाने पुसायला बघायची.

बाबा खुलले. किती खोल होती खाण, पाणी लागायचं का, पंप कोणता. मेगनला यातलं बरंच माहीत होतं. मी दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे करत होते. मग बाबांनी विचारलं, "ते खान चालू हाय का आता?"

"नाही. केव्हाच बंद झाली."

"मंग लोकं कुठी गेले?"

"काही तिथेच राहिले. बरेच निघून गेले."

बाबांनी मान हलवली. निंबाकडे बघत म्हणाले, "आमचे तं खान चालू असतानाच गेले."

मेगन माझ्याकडे वळली. मी ते वाक्य तिला इंग्रजीत सांगितलं, बाकीची सांगितली त्याच आवाजात. सांगणाऱ्याने आपलं काही मिसळायचं नाही, हे आम्हीच पोरींना शिकवलं होतं.

निघताना बाबांनी "थांब" म्हटलं नाही. कधीच म्हणत नाहीत. बस येईपर्यंत रस्त्यावर उभे राहिले, आणि बस आल्यावर माझ्या हातात पाटवडीचा डबा देऊन म्हणाले, "तिले तिखट लागलं नाई ना?" मेगनला म्हणजे. मी म्हटलं, नाही.

पुन्हा यवतमाळ

बैठकीच्या सभागृहात पंखे फिरत होते तरी गरम होत होतं. आरोग्य विभागातले एक अधिकारी अध्यक्षस्थानी, दोन-तीन डॉक्टर, काही वरिष्ठ सिस्टर, आणि मागच्या खुर्च्यांवर आमच्या पोरी, पिवळे बिल्ले लावून. मेगनने तिच्या मुलखात काय केलं, काय फसलं, किती वर्षं लागली ते सांगितलं. मी मराठीत सांगत गेले. मग ज्योतीने मागणी मांडली: पेशंट भरती करताना कागदावर बोलीचा एक रकाना. आणि ती बोली जाणणाऱ्यांची यादी प्रत्येक वॉर्डात. त्यात सफाई करणारी बाई असो, आशाताई असो, विद्यार्थिनी असो.

साहेब वाईट नव्हते. शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "मॅडम, आमच्या सिस्टर आधीच रजिस्टरं भरून थकतात. त्यात हा आणखी एक रकाना. आणि मराठी सगळ्यांना थोडीफार येतेच की."

एक वरिष्ठ सिस्टर म्हणाल्या, "परदेशात ठीक आहे हो. तिथं एका नर्सकडे पेशंट किती, अन् आमच्याकडे किती?"

त्यांचं खरं होतं. मेगननेही मान डोलावली.

ज्योती उठली. तिच्या हातात त्या जुन्या कागदाची प्रत होती. "सर, हा शेरा बघा. 'सहकार्य करत नाही.' हे अक्षर माझं आहे." बैठकीत ती पुस्तकातल्या मराठीत बोलत होती. "मला ती बाई समजली नाही, म्हणून मी असं लिहिलं. 'मला समजली नाही' असं लिहायला कागदावर जागा नव्हती. ती जागा द्या, एवढंच मागते."

साहेबांनी कागद हातात घेतला. तिने हे सांगितल्याचे परिणाम काय होतील ते मला कळत नव्हतं. तिने मला आधी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. जंगूबाई आली होती. सासू बरोबर, मूल कडेवर, पायांवर धूळ. पहाटे पोडावरून चालत रस्त्याला लागून एसटीने आली होती. सोनी धावत गेली. साहेबांनी खुर्ची द्यायला सांगितली. जंगूबाई खुर्चीवर बसली नाही, उभ्यानेच बोलली. चांगली पाच-सात मिनिटं. आवाज चढला नाही की उतरला नाही.

तिचं झाल्यावर सगळ्यांनी सोनीकडे बघितलं. सोनीने तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं. ती थांबवायला बघत होती, थांबत नव्हतं.

"दुसरं कोणी सांगू शकेल का?" साहेबांनी विचारलं.

सभागृहात कोलामी आणि मराठी दोन्ही येणारं दुसरं कोणी नव्हतं. डॉक्टरांनी एकमेकांकडे बघितलं. जंगूबाई एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होती. मूल तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होतं. ज्योतीने सोनीला पाणी आणून दिलं. ते पिऊन होईपर्यंत आम्ही सगळे तसेच बसून होतो.

मग सोनीने सांगितलं. तिथली खाट, तिथला दिवा, बाहेर उभ्या नवऱ्याला आत येऊ देत नव्हते ते, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "ते म्हणते, मी लेकरू मागत होती. मले गोळी दिली."

साहेबांनी चष्मा काढला. "कसली गोळी?"

कोणालाच माहीत नव्हतं.

निर्णय झाला तो आम्ही मागितल्याच्या निम्मा. एका ग्रामीण रुग्णालयात आणि आसपासच्या काही आरोग्य केंद्रांत सहा महिने रकाना लावून बघायचा. यादी वॉर्डात लावायची. बोली सांगणाऱ्यांना मानधन मिळेल का, यावर "वर कळवतो". बाहेर आल्यावर मी ज्योतीचं अभिनंदन केलं तर ती म्हणाली, "अर्धी भाकर हाय. पण भाकर हाय." जंगूबाईला आम्ही जेवायला थांबवत होतो. तिला परतीची बस गाठायची होती.

हे लिहिते आहे तेव्हा ते सहा महिने सरले आहेत. रकाना आणखी एका तालुक्यात गेला आहे. मानधनाचं उत्तर अजून आलेलं नाही. ज्योतीला विचारणा झाली, लेखी खुलासा द्यावा लागला, पण नोकरीवर गदा आली नाही. आणि इकडे मेगनने सफाई कामगारांना यादीत घ्यायची यवतमाळची कल्पना उचलली. आमच्या वॉर्डाच्या भिंतीवर आता दोन सफाईवाल्या बायकांची नावं आहेत. एकीला पोलिश येते, दुसरीला अरबी.

तेव्हा यवतमाळहून निघायच्या दिवशी सकाळी ज्योतीने पोरींना नवा कागद भरायची सवय करायला बसवलं. पेशंट म्हणून मला सरावाच्या खोलीतल्या खाटेवर झोपवलं. पहिल्या वर्षाची पायल नावाची पोरगी पॅड घेऊन माझ्या उशाशी आली. ज्योती खिडकीपाशी उभी राहून ऐकत होती.

"नाव सांगा." मी सांगितलं. "वय?" तेही सांगितलं.

"घरी कोणती बोली बोलता?"

"इंग्रजी."

पोरी हसल्या. पायल हसली नाही. तिने लिहिलं.

"दुखलं-खुपलं तं कोणत्या बोलीत बोलता?"

हा प्रश्न ज्योतीने रात्रीत घातलेला होता. मी छताकडे बघत राहिले. माझा मुलगा झाला तेव्हा तिथल्या सिस्टरने मला भाषा विचारली होती. मी इंग्रजी सांगितलं, तेच सोयीचं होतं. कळा वाढल्या तेव्हा मी "माय वं" ओरडत होते. तिला वाटलं मी कोणाला तरी नावाने बोलावते आहे. तिने माझ्या नवऱ्याला विचारलं, 'मायवा' कोण? त्यालाही माहीत नव्हतं. मुलगा आता दहा वर्षांचा आहे. तो इंग्रजी बोलतो, शाळेत वेल्श शिकतो, आजोबांशी फोनवर "जयभीम" एवढं बोलतो आणि मग फोन माझ्याकडे देतो.

"वऱ्हाडी," मी म्हटलं.

"तिथं तुमच्यापाशी वऱ्हाडी बोलणारं कोण हाय?"

"कोणी नाही."

पायल पेन उचलून थांबली. "मॅडम, हा रकाना खाली सोडता येत नाई."

"माह्यं नाव लिही," ज्योती खिडकीपासून म्हणाली. ती बाहेरच बघत होती. "नंबरबी लिही. कधीबी लाव म्हणा."

पायलने नाव लिहिलं, नंबर लिहिला. मग विचारलं, "राठोड मॅडम, इथं नातं लिहा लागते. काय लिहू?"

ज्योती खिडकीपासून वळली.

"घरची, म्हणून लिही."

पायलने लिहिलं आणि पॅड माझ्यापुढे धरलं. मी पडल्या पडल्याच सही केली.